निळे पाणी निळेच का राहिले? टायटॅनियम डायऑक्साइडच्या मिश्र स्फटिकांचा पाठ



आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नववीच्या मुलांनी मांडलेला 'सूर्यप्रकाशाने पाणी स्वच्छ करणे' हा प्रयोग फसला, ही गोष्ट बेज्जुरात आता सर्वांना ठाऊक आहे. काचेच्या बाटल्यांत मिथिलीन ब्लू या रंगाचे फिकट निळे पाणी घेतले होते. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड घालून बाटल्या दिवसभर उन्हात ठेवल्या होत्या. संध्याकाळपर्यंत निळा रंग जावा अशी अपेक्षा होती, पण तो गेला नाही. पाहुण्या परीक्षकांनी 'तयारी अपुरी' असा शेरा दिला आणि मुले हिरमुसली. एका पालकांनी आम्हास विचारले, "सर, मग पुस्तकात लिहिलेले खोटे का?" विश्वस्त मंडळाच्या बैठकीत प्रश्न आला तो वेगळाच. गच्चीवर अशाच पुडीचा थर दिलेली टाकी बसवून पिण्याचे पाणी शुद्ध करावे, असा एक प्रस्ताव मंडळापुढे आहे. मुलांच्या बाटल्या निवळल्या नाहीत, तर टाकीवर पैसा का घालावा?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांचे उत्तर देणे आमच्याकडे लागते. कारण चूक मुलांची नव्हती, आमची होती. कोणती पूड आणावी असे मुलांनी विचारले तेव्हा 'टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, कोठलीही चालेल' असे आम्हीच सांगितले होते. मुलांनी कागजनगरच्या बाजारातून रंगात घालावयाची पूड आणली. सूत्र तेच, पांढरेपणाही तोच. तरीही ती पूड या कामाची नव्हती. का नव्हती, हे सांगण्यासाठी हा पाठ लिहीत आहोत.

प्रथम, प्रकाश-उत्प्रेरक म्हणजे काय ते पाहू. उत्प्रेरक स्वतः खर्च न होता रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो, हे दहावीच्या मुलांना माहीत आहे. प्रकाश-उत्प्रेरकाला हे काम करण्यासाठी प्रकाश लागतो. टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्यातील इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यात बसलेले असतात आणि वरचा पट्टा रिकामा असतो. दोहोंमध्ये ऊर्जेचे अंतर आहे. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उडी घेतो व खाली त्याची रिकामी जागा राहते. या जागेला 'होल' म्हणतात. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो. होल पाण्यापासून किंवा पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटापासून इलेक्ट्रॉन ओढून घेते. दोन्हीकडे अत्यंत क्रियाशील कण तयार होतात आणि ते रंगाचा रेणू तोडतात.

येथे एक मोठी अडचण आहे. वर गेलेला इलेक्ट्रॉन व खालचे होल यांची पुन्हा गाठ पडली की सर्व ऊर्जा उष्णतेत जाते आणि काम काहीच होत नाही. बहुतेक जोड्यांचे असेच होते. म्हणून चांगला प्रकाश-उत्प्रेरक करावयाचा तर या दोघांना एकमेकांपासून दूर कसे ठेवावे, हाच मुख्य प्रश्न असतो. पुढील सर्व विवेचन या एका वाक्याभोवती फिरणार आहे, म्हणून ते वहीत लिहून ठेवावे.

या विद्येची मोठी सुरुवात टोकियो विद्यापीठात झाली. तेथे अकिरा फुजिशिमा व त्यांचे मार्गदर्शक केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन घडवले. त्यांचा लेख १९७२ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. त्यांनी वापरलेला स्फटिक रुटाइल जातीचा होता. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण पुढे बरीच वर्षे 'रुटाइल निरुपयोगी, ॲनाटेज उत्तम' असे सरसकट म्हटले गेले.

आता या जाती म्हणजे काय? हिरा व ग्रॅफाइट हे दोन्ही कार्बनच, हे आपण शिकतो. मूलद्रव्याच्या बाबतीत त्यास अपरूपता म्हणतात. संयुगाच्या बाबतीत तोच प्रकार घडला तर त्यास बहुरूपता म्हणावे. परीक्षेत हा फरक पुष्कळ मुले चुकतात. चुनखडीतील कॅल्साइट आणि अनेक शिंपल्यांतील ॲरागोनाइट ही एकाच कॅल्शियम कार्बोनेटची दोन रूपे आहेत. (आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाल्याने वर्गात कधी कधी 'द्रावण' म्हणण्याऐवजी 'विलयन' म्हणून जातो आणि मुले हसतात. 'बहुरूपता' मात्र दोन्हीकडे एकच आहे, तेवढे बरे.)

टायटॅनियम डायऑक्साइडची निसर्गात सापडणारी मुख्य रूपे तीन : ॲनाटेज, रुटाइल व ब्रुकाइट. तिन्हींमध्ये प्रत्येक टायटॅनियमच्या भोवती सहा ऑक्सिजन असतात व त्यांचा एक अष्टफलक होतो. फरक आहे तो हे अष्टफलक एकमेकांना कसे जोडलेले आहेत यात. रुटाइलमध्ये प्रत्येक अष्टफलक आपल्या दोन कडा शेजाऱ्यांशी वाटून घेतो, ब्रुकाइटमध्ये तीन आणि ॲनाटेजमध्ये चार. विटा त्याच, रचणी निराळी. या रचणीमुळे रुटाइलची घनता सुमारे ४.२ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर होते, तर ॲनाटेजची सुमारे ३.९. ॲनाटेज तापवले की ते रुटाइलमध्ये बदलते. साधारणतः ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास हा बदल सुरू होतो. पूड किती बारीक आहे व तिच्यात अशुद्धी कोणती आहे यावर ते तापमान पुष्कळ मागेपुढे होते. एकदा रुटाइल झाले की ते थंड करून पुन्हा ॲनाटेज मिळत नाही. गंमत अशी की अतिशय बारीक कणांत ॲनाटेजच अधिक स्थिर असते. त्यामुळे सौम्य रीतीने तयार केलेल्या बारीक पुडीत बहुधा तेच सापडते.

ऊर्जेचे अंतर ॲनाटेजमध्ये सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, तर रुटाइलमध्ये सुमारे ३.०. तरंगलांबी काढण्याची सोपी रीत आहे : १२४० ला या अंकाने भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये येते. ॲनाटेजसाठी सुमारे ३८८, रुटाइलसाठी सुमारे ४१३. मानवी डोळ्याला साधारण ४०० च्या पुढचे दिसते. म्हणजे ॲनाटेजला केवळ अतिनील प्रकाश चालतो आणि रुटाइल जांभळ्या प्रकाशाचाही थोडा उपयोग करून घेते. पृथ्वीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील भाग जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. आपल्याकडील वैशाखातले ऊन कितीही कडक असले तरी त्यातला बहुतेक भाग या पुडीच्या कामाचा नाही.

मग रुटाइल अधिक प्रकाश घेत असेल तर तेच सरस ठरावयास हवे. प्रत्यक्षात बहुतेक प्रयोगांत ॲनाटेज पुढे असते. ॲनाटेजमध्ये इलेक्ट्रॉन व होल अधिक काळ वेगळे टिकतात, हे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण साधे आहे. रुटाइल बहुधा तापवून मिळते, आणि तापवताना कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. कण मोठे झाले की पृष्ठभाग कमी होतो, आणि क्रिया तर पृष्ठभागावरच होते. म्हणजे 'रुटाइल मागे पडले' यात रचणीचा दोष किती आणि कण जाड झाल्याचा किती, हे वेगळे करणे सोपे नाही. ही गोम पुन्हा येणार आहे.

आता मिश्रणाकडे वळू. जर्मनीच्या डेगुसा या कंपनीने (पुढे तिचे नाव एव्होनिक झाले) टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजनच्या ज्वाळेत जाळून एक पूड तयार केली. तिचे नाव पी-२५. या पुडीत ॲनाटेज व रुटाइल दोन्ही असतात, ढोबळमानाने ८० ला २०. कण सुमारे २० ते २५ नॅनोमीटरचे. एका ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर भरतो, म्हणजे आपल्या एका वर्गखोलीच्या फरशीएवढा. जगभरच्या प्रयोगशाळांत असे दिसले की पुष्कळ क्रियांत ही मिश्र पूड शुद्ध ॲनाटेजपेक्षा व शुद्ध रुटाइलपेक्षा सरस काम करते. पुढे तर नवी पूड केली की तिची तुलना पी-२५ शी करावयाची, असा रिवाजच पडला.

निर्बळ समजले जाणारे रुटाइल थोडे मिसळल्याने काम सुधारते कसे? याचे उत्तर इलेक्ट्रॉन-होल वेगळे ठेवण्याच्या त्या वाक्यात आहे. ॲनाटेजचा कण व रुटाइलचा कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील, तर दोहोंच्या ऊर्जेच्या पायऱ्या समान उंचीवर नसतात. मग इलेक्ट्रॉन एका बाजूला उतरतो व होल दुसऱ्या बाजूला जाते. दोघे निरनिराळ्या घरांत गेले की त्यांची गाठ पडणे कठीण होते आणि त्यांना काम करण्यास अवधी मिळतो.

इथपर्यंत सर्वांचे एकमत होते. इलेक्ट्रॉन कोणत्या घरात जातो, यावर मात्र अनेक वर्षे वाद झाला. १९९६ मध्ये ॲनाटेजच्या एकसंध स्फटिकावर विद्युत-रासायनिक मोजमाप झाले. त्यात ॲनाटेजचा वरचा पट्टा रुटाइलच्या पट्ट्यापेक्षा सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट उंच दिसला. त्यावरून इलेक्ट्रॉन ॲनाटेजकडून रुटाइलकडे उतरतो असे मानले गेले. पुढे २००३ मध्ये हुरम, ग्रे व त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी पी-२५ मधील अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचा चुंबकीय पद्धतीने माग काढला. त्यांना उलट दिशा दिसली : रुटाइल प्रकाश पकडते व इलेक्ट्रॉन ॲनाटेजला देते. रुटाइल जांभळा प्रकाशही घेऊ शकते, म्हणून ते जणू ॲन्टेनाचे काम करते असे त्यांनी म्हटले. २०१३ मध्ये डेव्हिड स्कॅनलन व सहकाऱ्यांनी गणित व मोजमाप यांची सांगड घालून सुमारे ०.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक काढला आणि त्यांचाही कौल रुटाइलकडून ॲनाटेजकडे असाच पडला. आज पुष्कळ अभ्यासक या दुसऱ्या बाजूला आहेत. पहिले मोजमाप करणारे चुकले, असे मात्र मुलांनी लिहू नये. त्यांनी स्फटिक पाण्यात ठेवून मोजले होते, आणि पाण्याशी संपर्क आला की पृष्ठभागावरील पायऱ्या सरकतात.

याच्याही पुढची गोष्ट आम्हास अधिक शिकवणारी वाटली. जपानच्या होक्काइदो विद्यापीठातील बुन्शो ओहतानी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक साधा प्रश्न विचारला : पी-२५ म्हणजे नेमके काय? तोवर जो तो ८० ला २० असे लिहून मोकळा होत होता. त्यांनी पुडीतील एकेक घटक रासायनिक रीतीने विरघळवून दुसरा वेगळा काढला आणि मोजला. प्रमाण निघाले ॲनाटेज ७८, रुटाइल १४ आणि उरलेले ८ टक्के अस्फटिक, म्हणजे कोणतीच नीट रचणी नसलेले. त्यातही एकाच पाकिटातील निरनिराळ्या जागची पूड घेतली तर प्रमाण बदलत होते! नंतर त्यांनी वेगळे केलेले घटक पुन्हा एकत्र करून व एकेकटे वापरून तुलना केली. त्यांच्या प्रयोगांत दोघांच्या एकत्र असण्याने काही विशेष जोर येतो, असे दिसले नाही. म्हणजे पी-२५ उत्तम असण्याचे कारण मिश्रण हेच, असे निदान त्या क्रियांपुरते तरी म्हणता येत नव्हते.

दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. २००३ मध्ये जपानमधीलच दुसऱ्या गटाने नॅप्थॅलीनवर प्रयोग केला. नॅप्थॅलीन म्हणजे आपण कपड्यांत ठेवतो ती डांबराची गोळी. तेथे शुद्ध ॲनाटेज व शुद्ध रुटाइल या दोन वेगळ्या पुडी नुसत्या एकत्र ढवळल्या तरी क्रिया वाढली. तेव्हा मिश्रणाचा लाभ खरा आहे, पण सर्वत्र व कोणत्याही प्रमाणात नाही. क्रिया कोणती, कण किती बारीक, दोन्ही जातींचे कण एकमेकांना स्पर्श करतात की नाही, प्रकाश कोणता, अशा पुष्कळ गोष्टींवर तो अवलंबून आहे. ८० ला २० हा काही मंत्र नाही. कोणी विक्रेता 'आमच्या मालात ८०-२० चे प्रमाण आहे' असे छापून आणील, तर पृष्ठभाग किती व कोणत्या क्रियेवर तपासले, हे दोन प्रश्न त्यास अवश्य विचारावेत.

असे प्रमाण मोजतात कसे, हे गणित आवडणाऱ्या मुलांसाठी सांगतो. पुडीवर क्ष-किरण टाकले की स्फटिकाच्या रचणीनुसार ठरावीक कोनांवर किरण जोराने परततात. तांब्याच्या नळीचे क्ष-किरण असतील तर ॲनाटेजचे मुख्य शिखर सुमारे २५.३ अंशांवर येते व रुटाइलचे सुमारे २७.४ अंशांवर. १९५७ साली स्पर व मायर्स यांनी या दोन शिखरांच्या उंचीवरून प्रमाण काढण्याचे सूत्र दिले. ॲनाटेजच्या शिखराला रुटाइलच्या शिखराने भागावे, उत्तराला ०.८ ने गुणावे, त्यात १ मिळवावा आणि आलेल्या संख्येने १ ला भागावे. जे येते तो रुटाइलचा भाग. समजा शिखरे १०० व २० आहेत. भागाकार ५, गुणाकार ४, १ मिळवून ५, आणि १ भागिले ५ म्हणजे ०.२. रुटाइल २० टक्के झाले. शिखरे ६० व ४८ असतील तर काय येईल, ते मुलांनी स्वतः करून वर्गात दाखवावे. मात्र अस्फटिक भाग स्पष्ट शिखर देत नाही, म्हणून या सूत्रात तो सापडतच नाही. ओहतानींना निराळी रीत शोधावी लागली ती याचमुळे.

आता आमच्या चुकीकडे येऊ. रंगात घालावयाची पूड बहुधा रुटाइलची असते. कारण रुटाइलचा अपवर्तनांक सुमारे २.७ आहे, ॲनाटेजचा सुमारे २.५. अपवर्तनांक जितका जास्त तितकी भिंत अधिक चांगली झाकली जाते. दुसरे असे की प्रकाश-उत्प्रेरक पूड रंगात घातली तर ती उन्हात त्या रंगाचाच चिकट भाग खाऊ लागते. मग भिंतीला हात लावला की तळव्यावर पांढरी भुकटी येते. हे टाळण्यासाठी रंगाच्या पुडीच्या कणांवर ॲल्युमिना व सिलिका यांचा पातळ थर देतात. म्हणजे जी क्रिया मुलांना हवी होती, तीच होऊ नये याची तजवीज कारखान्यातच केलेली असते. अशा पुडीने निळे पाणी निवळले असते तर रंगाच्या कारखान्याचा माल खराब म्हणावा लागला असता.

हा माल आपल्या देशातही होतो. त्याचे मूळ इल्मेनाइट या लोह व टायटॅनियमच्या काळ्या खनिजात आहे. महाराष्ट्रात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, मालगुंडच्या बाजूला वाळूत ते सापडते. ज्यांचे नातेवाईक गणपतीपुळ्याला जाऊन आले असतील त्यांनी किनाऱ्यावरच्या काळपट वाळूविषयी विचारावे. केरळात अशा वाळूवर मोठे कारखाने उभे आहेत. तिरुवनंतपुरमच्या ट्रावनकोर टायटॅनियम प्रॉडक्ट्सने सल्फेट पद्धतीने मुख्यतः ॲनाटेज केले, तर चवरा येथील केरळ मिनरल्स अँड मेटल्समध्ये क्लोराइड पद्धतीने रुटाइल होते. कारखान्याची पद्धत बदलली की स्फटिकाची जात बदलते. पोत्यावर हे लिहिलेले असते. वाचावयास हवे होते ते आम्ही.

मुलांनी मात्र एक गोष्ट आम्हास न विचारता चांगली केली. त्यांनी एकूण चार बाटल्या ठेवल्या होत्या. दोन पूड घालून उन्हात, एक पूड न घालता उन्हात आणि एक पूड घालून बंद कपाटात. चारही बाटल्यांतील रंग थोडा थोडा फिकट झाला, आणि त्यांनी वहीत तसेच लिहिले. परीक्षकांना हा गोंधळ वाटला. आमच्या मते प्रदर्शनातील सर्वांत मोलाची नोंद तीच होती. पूड नसलेल्या बाटलीत रंग उन्हानेच थोडा विटला. कपाटातील बाटलीत रंगाचे काही रेणू पुडीला चिकटून बसले, ती क्रिया नुसती शोषणाची. या दोन बाटल्या नसत्या, तर उन्हातल्या बाटल्यांचा थोडासा फिकटपणा पाहून आपण 'प्रयोग यशस्वी' म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या. शिवाय मिथिलीन ब्लू हा रंग थोडा लबाड आहे. तो स्वतःच तांबडा प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन पुडीला देऊ शकतो, आणि त्याचे एक रंगहीन रूपही असते. म्हणून रंग गेला म्हणजे रेणू तुटलाच, असे खात्रीने म्हणता येत नाही.

राहिला टाकीचा प्रश्न. आमचे मत स्पष्ट लिहितो : पिण्याच्या पाण्यासाठी अशी टाकी सध्या घेऊ नये. पूड सुटी वापरली तर ती इतकी बारीक असते की पाण्यातून काढणे कठीण. भिंतीवर थर दिला तर पृष्ठभाग फार कमी उरतो आणि पाणी त्या थराला स्पर्श करील तेवढेच शुद्ध होते. पावसाळ्यात प्राणहितेच्या काठी पाणी गढूळ व आभाळ ढगाळ असते, तेव्हा अतिनील प्रकाश थरापर्यंत पोहोचतच नाही. पाण्यातील क्षार किंवा फ्लोराइड ही पूड तोडू शकत नाही, कारण ते तुटणारे रेणूच नव्हेत. जंतूंसाठी पाणी उकळणे हा खात्रीचा उपाय आहे. पाणी स्वच्छ असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास, आणि आभाळ असेल तर दोन दिवस ठेवण्याची रीतही जगात अनेक ठिकाणी वापरली जाते. तिला कोणतीच पूड लागत नाही.

या पुडीचा खरा उपयोग तोडण्यास कठीण अशा सेंद्रिय पदार्थांवर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीच्या कापड रंगाईच्या सांडपाण्यामुळे पंचगंगा किती बिघडली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. त्याच जिल्ह्यातील शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात तापलेल्या काचेवर द्रावण फवारून अशा ऑक्साइडांचे पातळ थर करण्याचे काम अनेक वर्षे झाले आहे. त्या पद्धतीत काच किती तापवावयाची हे नेमके ठरवावे लागते, कारण थरात कोणती जात येईल, हे त्यावर पुष्कळ अवलंबून असते.

विश्वस्त मंडळास आमची विनंती एवढीच आहे की टाकीच्या खर्चाचा अगदी लहानसा भाग या मुलांना पुन्हा प्रयोग करण्यासाठी द्यावा. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून थर न दिलेले ॲनाटेज, थर न दिलेले रुटाइल व मिश्र पूड अशा तीन लहान बाटल्या मागवावयाच्या आहेत. सहा काचेच्या पसरट ताटल्या लागतील : तिन्ही पुडींसाठी एकेक, ॲनाटेज व रुटाइल हाताने मिसळलेली एक, पूड नसलेली एक आणि मिश्र पूड घालून अंधारात ठेवलेली एक. मुलांनी प्रत्येकीत समान वजनाची पूड घ्यावयाची आहे, परंतु समान वजन म्हणजे समान पृष्ठभाग नव्हे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. मिश्र पूड जिंकली तर ती मिश्र म्हणून जिंकली की बारीक म्हणून, हे आपल्या ताटल्या सांगू शकणार नाहीत. त्यासाठी बाटल्यांवर पृष्ठभागाचा आकडा छापलेला असेल असाच माल मागवू.

कोरडी पूड हवेत उडवू नये. ती श्वासावाटे फुप्फुसात जाणे धोक्याचे असू शकते, म्हणून जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये तिला 'संभाव्य' गटात टाकले आहे. पूड ओली करूनच ढवळावी, नाकावर रुमाल बांधावा व प्रयोगाचे पाणी कोणीही, गुराढोरांनीसुद्धा, पिऊ नये. दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या निरभ्र आठवड्यात उत्तरेकडील व्हरांड्याबाहेरच्या ओट्यावर ताटल्या मांडण्याचा विचार आहे. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात दर तासाला रंग ताडून लिहावा लागेल. ज्या पालकांना त्यांपैकी एखादा दिवस येणे शक्य आहे त्यांनी आपले नाव वर्गशिक्षकांकडे द्यावे. घरी न लागणाऱ्या काचेच्या समान आकाराच्या ताटल्या असल्यास त्याही आणाव्यात, मात्र त्या राख किंवा साबण राहू न देता धुतलेल्या असाव्यात.